‘पिंग’, ‘ठिबक’, ‘खटका’: आवाजाचा शब्द कामाला कसा लागतो?

मोर्शीची मास्तरीण (प्रश्न)

मी मोर्शी तालुक्यातील एका खेड्यात मराठी शिकवते. अभ्यस्त शब्दांचा (म्हणजे अक्षरे किंवा शब्द पुन्हा येऊन झालेल्या शब्दांचा) पाठ आला की कडकड, गडगड, किरकिर, खळखळ, गुणगुण ही अनुकरणवाचक शब्दांची ठरलेली यादी मी दर वर्षी फळ्यावर लिहिते, मुले ती वहीत उतरवून घेतात आणि परीक्षा झाली की विसरतात. खरे सांगायचे तर मीही आजवर या शब्दांकडे घरातल्या शेंडेफळाकडे पाहावे तसेच पाहत आले. गोष्ट रंगवायला किंवा पावसाचे वर्णन करायला ते बरे. पण एखाद्या शास्त्राचे किंवा यंत्राचे ओझे कोणी त्यांच्या खांद्यावर देईल, असे मला वाटले नव्हते.

गेल्या पंधरवड्यात दोन गोष्टी एकाच दिवशी घडल्या. शाळेतील इंटरनेट बंद पडले म्हणून दुरुस्तीसाठी आलेला तरुण संगणकाच्या काळ्या पडद्यावर एक ओळ लिहून बराच वेळ पाहत बसला आणि शेवटी म्हणाला, “मॅडम, पिंगच नाही येऊन राह्यला.” त्याच संध्याकाळी पुण्याला नोकरी करणाऱ्या माझ्या मुलाने फोन ठेवता ठेवता सांगितले, “बाबा बागेतून घरी आले की मला पिंग कर.” दुरुस्ती करणाऱ्यासाठी ‘पिंग’ ही मोजता येणारी वस्तू होती, मुलासाठी ‘कळव’ एवढ्याच अर्थाची क्रिया होती, आणि दोघांपैकी कोणाच्याही कानावर कसलाच आवाज पडलेला नव्हता. पिंग हा तर उघड उघड आवाजाचा शब्द आहे. काचेच्या पेल्याला नखाने टिचकी मारावी तसा. मग आवाज कुठे गेला आणि शब्द तेवढा मागे कसा राहिला?

रात्री विचार करता करता ध्यानात आले की, यासाठी इंग्रजीकडे जाण्याचीही गरज नव्हती. आमच्या संत्र्याच्या बागेत कित्येक वर्षांपासून ठिबक आहे. ठिब ठिब गळणाऱ्या पाण्यावरून ‘ठिबकणे’ आणि त्यावरून ‘ठिबक सिंचन’ ही संज्ञा आली. आता तर त्यातील सिंचनही गळून पडले असून नळ्या, ड्रिपर, फिल्टर आणि त्यांवरचे अनुदान या सगळ्यांना मिळून नुसते ‘ठिबक’ म्हणतात. आंबिया बहारासाठी (हिवाळ्याच्या शेवटी येणाऱ्या फुलोऱ्यासाठी) झाडांचे पाणी बंद ठेवून दिलेला ताण तोडण्याच्या दिवशी माझे सासरे “आज ठिबक सोडतो” असे म्हणतात, तेव्हा त्यांच्या मनात थेंबाचा नाद नसतो. किती तास चालवायचे आणि एका झाडाला किती लिटर पडेल, हा हिशेब असतो. ड्रिपरमधून पडणारे पाणी मातीत इतके निमूट मुरते की बागेत उभे राहून कान दिला तरी ‘ठिब’ ऐकू येत नाही. (हिंदीत त्यालाच ‘टपक सिंचाई’ म्हणतात. थेंब तोच, पण सातपुड्यापलीकडे तो ‘टप’ पडतो आणि अलीकडे ‘ठिब’.)

माझा प्रश्न असा आहे की, आवाजाचे अनुकरण करणारा शब्द नेमका कोणत्या टप्प्यावर तांत्रिक संज्ञा होतो, आणि तिथून तो पुन्हा घरगुती बोलण्यात परततो तेव्हा काय घेऊन परततो? मराठीने या बाबतीत स्वतःची अशी काही रीत ठेवली आहे का, हेही जाणकारांनी सांगावे.


तारजोड

ताई, मी वर्धा जिल्ह्यात गावोगावी जोडण्या दुरुस्त करत फिरतो. पिंग हा माझ्या रोजच्या भाकरीचा शब्द असल्यामुळे तेवढ्यापुरते सांगतो, व्याकरणाचे इतर कोणी सांगतील.

इंग्रजीत हा शब्द एकोणिसाव्या शतकात बंदुकीच्या गोळीच्या आवाजासाठी वापरला जात होता. आपल्याकडे त्याच गोळीला आपण ‘सणसणत गेली’ म्हणतो, आणि गंमत अशी की आपला ‘सणसण’ तंत्राकडे न जाता ‘सणसणीत उत्तर’ आणि ‘सणसणीत चपराक’ यांच्याकडे गेला. इंग्रजीचा पिंग मात्र पुढे पाण्यात उतरला. पाणबुड्या शोधण्यासाठी जहाजावरून पाण्यात आवाजाचा एक तुटक ठोका सोडायचा, तो समोरच्या वस्तूवर आदळून परत येईपर्यंत किती वेळ लागला ते पाहायचे आणि त्यावरून अंतर काढायचे, ही ‘सोनार’ (sonar) नावाच्या यंत्राची पद्धत दुसऱ्या महायुद्धात फार कामी आली. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो. म्हणजे प्रतिध्वनी दोन सेकंदांनी आला तर जाण्याचा एक आणि येण्याचा एक असे धरून वस्तू सुमारे दीड किलोमीटरवर आहे. कानाला यंत्र लावून बसलेल्या माणसाला तो ठोका ‘पिंग’ असा ऐकू येत असे आणि त्या ठोक्याचे नावच पिंग पडले. इथपर्यंत आवाज खराखुरा होता.

त्यानंतर १९८३ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक संशोधन प्रयोगशाळेतील माइक मूस यांनी संगणकांच्या जाळ्यातील बिघाड शोधण्यासाठी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. समोरच्या संगणकाला माहितीचे एक लहानसे पाकीट पाठवायचे, त्याने ते तसेच परत करायचे आणि येण्याजाण्याला किती मिलिसेकंद लागले ते आपण वाचायचे, एवढेच त्याचे काम. त्यांनी सोनारवरूनच त्याला ‘पिंग’ हे नाव दिले. ज्या संदेशांवर तो चालतो त्यांची तांत्रिक नावेसुद्धा ‘प्रतिध्वनीची मागणी’ आणि ‘प्रतिध्वनीचे उत्तर’ अशा अर्थाचीच आहेत. तारेतून कोणताही ध्वनी जात नाही. उरली आहे ती फक्त ‘सोडा, थांबा, परत आले का ते पाहा’ ही रीत. पुढे कोणीतरी ‘पॅकेट इंटरनेट ग्रोपर’ असा लांबलचक विस्तार त्याला चिकटवला आणि तो आमच्या परीक्षांच्या पुस्तकांतही येतो, परंतु तो बाळ मोठे झाल्यावर काढलेल्या जन्मपत्रिकेसारखा आहे. खुद्द मूस यांनी नाव आवाजावरून ठेवल्याचे स्पष्ट लिहून ठेवले आहे.

त्यांच्याच पानावर एका वापरणाऱ्याने कळवलेली हकिकत आहे. जोडणी मधूनमधून तुटत होती, म्हणून त्या गृहस्थाने प्रत्येक उत्तराला संगणक मोठ्याने ‘पिंग’ म्हणेल अशी सोय केली आणि स्वतः इमारतीभर फिरून एकेक तार हलवत गेला. ज्या तारेला हात लावताच आवाज थांबला, तीच बिघडलेली होती. म्हणजे आवाज गमावलेल्या शब्दाला कोणीतरी पुन्हा आवाज दिला, तो गंमत म्हणून नव्हे तर कामासाठी.

आपल्या मुलाचा ‘पिंग कर’ हा तिथूनच घरी आला आहे. मोबाइलवर खेळणारी पोरे “पिंग वाढला” म्हणतात तेव्हा त्यांना मिलिसेकंद अभिप्रेत असतात, पण मुलाला फक्त ‘तुझी खूण येऊ दे’ एवढेच हवे होते. मोजमाप मागे राहिले आणि उत्तराची अपेक्षा तेवढी पुढे आली. मला मात्र यासाठी मराठीतला जुना वाक्प्रचार अधिक नेमका वाटतो. अनोळखी विहिरीत खडा टाकून कान द्यायचा. ‘डुबुक’ झाले तर पाणी आहे, ‘ठक्’ झाले तर विहीर कोरडी, आणि दोन सेकंदांनी आवाज आला तर पाणी साधारण वीस मीटर खोल. ‘खडा टाकून पाहणे’ म्हणजे अंदाज घेणे, हे त्यावरून आलेले असो वा नसो, पिंग म्हणजे तेच आहे. फरक इतकाच की इंग्रजीने शब्दासाठी आवाज उचलला आणि आपण खडा उचलला.


जुना कोश

तारजोड यांची मांडणी चोख आहे. मी निवृत्त शिक्षक असून बुलढाणा जिल्ह्यात राहतो. ताईंच्या प्रश्नाचा व्याकरणाकडील पदर तेवढा उलगडून पाहतो.

आपल्याकडे हा वाद फार जुना आहे. प्राचीन काळी यास्काने शब्दांच्या व्युत्पत्तीवरच्या ‘निरुक्त’ या ग्रंथात कावळ्याचे ‘काक’ हे नाव शब्दानुकृती आहे, म्हणजे त्याच्या ओरडण्याची नक्कल आहे, असे सांगून पक्ष्यांच्या नावांत हे पुष्कळ आढळते, असे म्हटले आहे. आणि तिथेच औपमन्यव नावाच्या आचार्याचे विरुद्ध मतही नोंदवले आहे की, शब्दानुकृती असे काही नसतेच. पाणिनीने अशा शब्दांना ‘अव्यक्तानुकरण’ म्हटले आहे. जो नाद वर्णांमध्ये स्पष्ट उच्चारलेला नाही त्याचे अनुकरण, असा त्याचा अर्थ. त्यासाठी त्याने ‘डाच्’ हा स्वतंत्र प्रत्यय दिला आणि त्यातून ‘पटपटा करोति’ यासारखी रूपे झाली. संस्कृतातले ते पटपटा म्हणजे ‘पट् पट् असा आवाज करतो’; आपले ‘पटपट आवर’ म्हणजे ‘लवकर आवर’. आवाज गळून वेग उरला, याचे याहून सोपे उदाहरण मला सुचत नाही.

मराठीची स्वतःची रीत कोणती, असे ताईंनी विचारले आहे. माझ्या मते ती प्रत्ययात आहे. इंग्रजीत पिंग हा आवाज, पिंग ही वस्तू आणि पिंग ही क्रिया असे एकच रूप तिन्ही कामे करते. मराठी माणूस नुसत्या ‘खट्’वर समाधान मानत नाही. ‘खट्’ला तो ‘का’ लावतो आणि ‘खटका’ करतो, मग त्याचे ‘खटकणे’ होते, दुहेरी करून ‘खटखट’ होते आणि वेगळ्या जोडीने ‘खटपट’ होते. प्रत्यय लागला की आवाजाला हात-पाय फुटतात आणि त्याला लिंग, वचन, विभक्ती घेता येते. मोल्सवर्थ यांच्या १८५७ च्या मराठी-इंग्रजी कोशात अशा कितीतरी शब्दांपुढे ते नादाच्या अनुकरणातून आल्याची खूण केलेली आहे. ज्यांना सवड आहे त्यांनी नुसते ‘ख’ आणि ‘फ’ चाळून पाहावेत.

‘खटका’ या एका शब्दाने किती उंबरे ओलांडले ते पाहा. दाराच्या कडीचा खटका, बंदुकीचा खटका आणि विजेच्या दिव्याचा खटका हे तिन्ही यंत्राचे भाग आहेत, आणि तिन्ही ठिकाणी बोटाखाली खरोखर ‘खट्’ होत असे. हिंदुस्थानी संगीतात खटका हा एक अलंकार आहे. मुख्य स्वराच्या आसपासचे स्वर जलद आणि ठसक्याने घेऊन त्या स्वरावर येणे, असे त्याचे ढोबळ स्वरूप, आणि गाणारा माणूस खटका आणि मुरकी (असाच दुसरा एक अलंकार) यांत काटेकोर भेद करतो. तिकडे घरात सासू-सुनेचे खटके उडतात आणि एखाद्या कागदावरची तारीख मनाला खटकते. या शेवटच्या दोन अर्थांत खिळा, स्प्रिंग, तरफ काहीच नाही. सुरळीत चाललेल्या गोष्टीत अचानक बसलेला अडसर तेवढा आहे.

‘फटका’ तर माझा लाडका शब्द, म्हणून थोडे विषयांतर वाटले तरी सांगतो. छडी अंगावर बसली की जो आवाज होतो तो ‘फट्’. त्याचा फटका झाला. अवकाळी पावसाचा संत्र्याला फटका बसतो तिथे तो नुकसान होतो, क्रिकेटच्या वर्णनात तो बॅटने मारलेला टोला होतो, आणि साहित्याच्या परिभाषेत तो काव्यप्रकार होतो. शाहीर अनंत फंदी यांचे उपदेशपर फटके प्रसिद्धच आहेत. ज्या कवितेने ऐकणाऱ्याच्या पाठीवर छडी ओढावी तिला ‘फटका’ म्हणणे ही नुसती उपमा राहिलेली नाही, ती संज्ञा आहे.

वैद्यकाचेही एक उदाहरण द्यायला हवे. आयुर्वेदात उचकीला ‘हिक्का’ म्हणतात आणि तो उघड उघड ‘हिक्’ या आवाजावरून आलेला शब्द आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात हिक्का आणि श्वास यांचा एक स्वतंत्र अध्याय असून हिक्केचे पाच प्रकार सांगितले आहेत. ताईंचा प्रश्न ‘संज्ञा केव्हा होतो’ असा आहे. माझे उत्तर असे की, ज्या दिवशी कोणी आवाजाचे प्रकार पाडतो किंवा तो मोजू लागतो, त्या दिवशी. पिंगचे मिलिसेकंद झाले, ठिबकचे ताशी लिटर झाले, हिक्केचे पाच प्रकार झाले. घरी परतताना मात्र शब्द हे मोजमाप उंबऱ्याबाहेर ठेवून येतो. आपल्याकडे उचकी लागली की कोणीतरी आठवण काढली असे म्हणतात. तारजोड यांनी हवे तर त्याला सर्वांत जुना पिंग म्हणावे.

एक धोक्याची सूचनाही देऊन ठेवतो. काही शब्दांतील नाद पिढ्यान्‌पिढ्या झिजून पूर्ण नाहीसा होतो. भाषाशास्त्रज्ञ सोस्यूर यांनी फ्रेंचमधील कबुतराच्या ‘पिजाँ’ या नावाचे उदाहरण दिले आहे. मूळ लॅटिन ‘पिपिओ’ हा पिलाच्या चिवचिवाटावरून आलेला शब्द, पण आजच्या रूपात ती चिवचिव कोणाला ऐकू येणार? याच्या उलट, ज्यांचा नादाशी संबंध नाही अशा शब्दांतही आपल्या कानाला हौसेने नाद ऐकू येतो. त्यामुळे शब्द ‘वाटतो’ म्हणून त्याला अनुकरणवाचक ठरवू नये.


जागलीवाला

घाटंजीकडच्या आमच्या शेताला रोही (नीलगायी) आणि रानडुकरे यांचा फार त्रास आहे. पूर्वी हरभऱ्याच्या दिवसांत रात्रभर माळ्यावर बसून डबे बडवावे लागत. आता धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) तार ओढून सौर पॅनेलवर चालणारे झटका मशीन बसवले आहे. जुना कोश यांचे मोजमापाचे उत्तर मला निम्मेच पटले, त्याचे कारण हे मशीन आहे.

ते तारेत अखंड वीज सोडत नाही. साधारण दर सेकंदाला एकदा, निमिषभर, हजारो व्होल्टचा एक ठोका सोडते, त्यामुळे जनावर हबकून मागे सरते पण मरत नाही. (तारेला घरची वीज जोडणे ही वेगळी गोष्ट आहे, तो गुन्हा आहे आणि त्यात माणसे मेलेली आहेत, म्हणून या दोन्हींना एकाच नावाने कोणी ओळखू नये.) प्रत्येक ठोक्याबरोबर पेटीतून ‘टक्’ असा बारीक आवाज येतो. पहिल्या आठवड्यात त्या टकटकीने मला झोप येत नव्हती. दुसऱ्या आठवड्यापासून ती ऐकूच येईनाशी झाली. आणि तिसऱ्या आठवड्यात एका रात्री मी दचकून जागा झालो, तेव्हा काय झाले ते आधी कळेना. मग ध्यानात आले की टकटक थांबली होती. बॅटरी उतरली होती.

ओले गवत तारेला टेकले की तिथे ‘चट्-चट्’ असा दुसरा आवाज येतो. वीज तिथून जमिनीत उतरत असते आणि पुढच्या तारेतला जोर कमी झालेला असतो. आता माझा दहा वर्षांचा पुतण्याही धुऱ्याने चालताना कान देऊन “काका, इथं चटचट होऊन राह्यली” असे सांगतो आणि विळा घेऊन गवत कापतो. त्याने व्होल्ट कधी मोजलेले नाहीत. तरीही ‘टकटक’ आणि ‘चटचट’ हे आमच्या घरात तांत्रिक शब्द आहेत, कारण एकाचा अर्थ ‘चालू’ असा आहे आणि दुसऱ्याचा ‘गळती’ असा आहे.

म्हणून माझे म्हणणे असे की, आवाज थांबल्यावरही ज्याचा अर्थ लागतो, तो आवाज कामाचा झाला. कोकिळा ओरडायची थांबली तर आपण काही उठून पाहायला जात नाही. ताईंच्या शाळेत त्या पोराने ‘पिंग नाही येऊन राह्यला’ म्हटले, ते नसण्याबद्दलच होते. तारजोड यांच्या हकिकतीतला माणूसही आवाज थांबण्याचीच वाट पाहत होता. ठिबकचेही तसेच आहे. एखादा ड्रिपर क्षाराने चोक झाला की त्या झाडाची पाने मलूल होतात आणि तेव्हा ‘इथे ठिबकत नाही’ हे वाक्य निदान म्हणून उच्चारले जाते.


तारजोड

जागलीवाले भाऊ, अगदी मान्य. त्यात माझ्या धंद्याची एक पुस्ती जोडतो. पिंगचे उत्तर आले नाही म्हणजे समोरचे यंत्र बंद आहे असे मात्र नक्की धरता येत नाही. कित्येक ठिकाणी सुरक्षेसाठी अशा पाकिटांना मुद्दाम उत्तर दिले जात नाही. यंत्र आत चांगले चालू असते आणि दार वाजवणाऱ्याकडे नुसते पाहत असते. नसण्याचा अर्थ लावायला शिकावे लागते, आणि नवशिका नेमका तिथेच फसतो.


मोर्शीची मास्तरीण

सर्वांचे आभार. जागलीवाले यांच्या कसोटीने माझा पुष्कळ गुंता सुटला, परंतु एक जोडी अजूनही त्यात बसत नाही. वीज कडाडते आणि ढग गडगडतात. दोन्ही आवाज एकाच आभाळातले, एकाच पावसातले. मग बाजाराच्या बातम्यांत भाव कडाडले की ते वर जातात आणि भाव गडगडले की खाली येतात, असे का? वर्गात एका मुलीने मला हे विचारले आणि मी ‘रूढीने’ असे उत्तर देऊन वेळ मारून नेली, ते मलाच खटकते आहे.


अडत्या

हिंगणघाटच्या कापूस बाजारात वडिलांपासून आमचा धंदा आहे, त्यामुळे हे दोन्ही शब्द आम्ही हंगामात कैक वेळा ऐकतो आणि त्यांतला एक ऐकला की दुपारचे जेवण गोड लागत नाही. (कोणता, ते तुम्ही विकणारे आहात की घेणारे, यावर आहे.)

मला वाटते, ताईंनी दोन्ही शब्दांचे मूळ आभाळात शोधले, म्हणून कोडे पडले. भाव आभाळातून थेट बाजारात आलेले नाहीत. वाटेत एकेक मुक्काम झाला आहे. ‘कडाडणे’ हा विजेचा शब्द आहे तसाच तो कढईतल्या तेलाचाही आहे. तेल कडाडते म्हणजे ते तापून हात लावण्याच्या पलीकडे गेलेले असते. कडकडीत ऊन, कडकडीत पाणी यांतही आवाज कुठे नाही, नुसती धग आहे. भाव कडाडतात ते असे तापतात. भाव ‘भडकतात’ आणि महागाईचा ‘भडका’ उडतो, हीही त्याच चुलीची भावंडे. ‘गडगडणे’ मात्र ढगाचे आहे तसे टेकडीवरून सुटलेल्या धोंड्याचेही आहे. धोंडा गडगडत येतो तो खालीच येतो, आणि वाटेत कोणी हात घालून तो थांबवू शकत नाही. ज्याने गाडीत कापूस घेऊन बाजारात पाऊल टाकले आणि लिलाव सुरू होताच बोली एकेका पायरीने उतरताना पाहिली, त्याला हा शब्द कोणी समजावून सांगावा लागत नाही.

आणखी एक पाहा. भाव हळूहळू उतरले तर आम्ही ते ‘नरमले’ म्हणतो. ‘गडगडले’ म्हणण्यासाठी त्यांना वेग लागतो. म्हणजे आवाज गेला तरी धोंड्याची गती शब्दात शिल्लक आहे. सरकारी कागदातही असे शब्द आढळतात. विदर्भात ‘धडक सिंचन विहीर’ कार्यक्रम राबवला गेला. त्या नावातला ‘धडक’ कोणावर आदळत नव्हता, तिथे त्याचा अर्थ झपाट्याने आणि मोठ्या संख्येने असा होता. एका विहिरीत ‘धड’ असा आवाज आणि संस्कृत ‘सिंचन’ यांची गाठ पडली.


जुना कोश

अडत्या यांचे म्हणणे मी वहीत टिपून घेतले. मीही गडगडणे आणि कडाडणे यांना एकाच रांगेत बसवत आलो होतो; तेल आणि धोंडा यांच्या वाटा वेगळ्या आहेत, हे बाजारातल्या माणसानेच सांगायला हवे होते. जागलीवाले यांच्या बाबतीत मात्र एवढेच म्हणेन की, ‘झटका’ हा शब्द नादापेक्षा हालचालीचे अनुकरण करणारा आहे. झटकन, पटकन, चटकन या त्रयीत पहिल्याचा आवाज दाखवता येत नाही. मराठीने नाद आणि गती यांच्यात कडक सरहद्द आखलेली नाही, आणि कदाचित म्हणूनच आवाजाचा शब्द आपल्याकडे इतक्या सहज वेगाचा किंवा जोराचा शब्द होतो.

ताईंच्या विद्यार्थ्यांसाठी एक उलटे उदाहरण देतो. मृगाच्या तोंडावर पावशा ओरडतो, तो आपल्याला ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ असा ऐकू येतो. तिथे आवाजातून शब्द निघालेला नाही. शेतकऱ्याच्या मनातला शब्दच पक्ष्याच्या आवाजावर जाऊन बसला आहे.


मोर्शीची मास्तरीण

काल तो दुरुस्तीवाला तरुण पुन्हा आला होता. छपराखालची तार उंदराने कुरतडलेली सापडली, ती बदलल्यावर तो म्हणाला, “आला पिंग.” मुलाला मी कळवले तेव्हा त्याचे उत्तर होते, “पिंग मिळालं.” म्हणजे हा शब्द पुल्लिंगी धरावा की नपुंसकलिंगी, असा नवा प्रश्न आता माझ्यापुढे आहे.


तारजोड

आमच्याकडे सगळे पुल्लिंगीच चालवतात: पिंग गेला, पिंग आला, पिंग अडकला. खटका, फटका, झटका यांच्या पंगतीत तो बसला असावा. पुण्याकडे ठिबकच्या पंगतीत बसवतात, असे दिसते.